सोमवारचा ताप

१९८९ साली बेळगावात उद्यमबागेच्या वाटेवर मी दवाखाना थाटला, तेव्हा माझ्या रुग्णांत लहानमोठ्या कारखान्यांतील कामगारांचाच भरणा अधिक होता. त्यांपैकी एका वेल्डरची हकिगत मी आजवर कोणत्याही परिषदेत सांगितलेली नाही, कारण तीत माझी फजिती आहे. या स्मरणिकेचे वाचक बहुतांशी माझे व्यवसायबंधू आणि भगिनी आहेत, तेव्हा येथे ती सांगण्यास संकोच नको.

गृहस्थ बत्तीस-तेहतीस वर्षांचे, अंगाने धडधाकट. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, अंग ठणकते, कोरडा खोकला येतो, अशी तक्रार. छाती तपासली, ती स्वच्छ होती. पावसाळा नुकताच सरला होता. मी हिवताप गृहीत धरून क्लोरोक्विन दिले. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला आणि मी स्वतःवर खूष झालो. दोन आठवड्यांनी तेच गृहस्थ त्याच तक्रारी घेऊन पुन्हा आले. रक्ताच्या काचेवर परजीवी सापडले नाहीत, पांढऱ्या पेशी मात्र वाढलेल्या होत्या. परजीवी नजरेतून निसटले असावेत, अशी समजूत करून घेऊन मी पुन्हा क्लोरोक्विन दिले, आणि या खेपेस प्रायमाक्विनही.

तिसऱ्या वेळी पत्नी बरोबर आली. तिने विचारले, ‘‘डॉक्टर, ह्यांचा ताप सोमवारीच का येतोय ओ?’’ मी हसून म्हणालो, ‘‘बाई, हिवतापाला वार कळत नाहीत.’’ त्यावर ते गृहस्थ भीतभीत बोलले, ‘‘सोमवारी जी.आय. पत्र्याचं काम असतंय, डॉक्टर. धूर लई होतोय. तोंडात पैसा चघळल्यागत गोडसर लागतंय. आमचे मिस्त्री म्हणतात, जस्त बाधतंय, दूध पी.’’

मिस्त्रींचे निदान बरोबर होते आणि माझे चूक. रात्री वैद्यकाचा मोठा ग्रंथ उघडला, तेव्हा व्यवसायजन्य रोगांच्या प्रकरणात तो आजार सापडला: मेटल फ्यूम फीव्हर, म्हणजे धातूच्या धुराचा ताप. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड जोडताना निघणारा पांढरा धूर श्वासावाटे आत गेला की चार ते दहा तासांत थंडीताप येतो आणि एकदोन दिवसांत आपोआप उतरतो. क्लोरोक्विनने उतरलेला ताप मुळात उतरणारच होता. रोज धूर घेणाऱ्या कामगाराला दोनतीन दिवसांत तो सोसू लागतो. रविवारच्या सुट्टीत ही सहनशक्ती ओसरते आणि सोमवारी ताप परततो. म्हणूनच जुने लोक त्याला ‘सोमवारचा ताप’ म्हणत. इंग्लंडमधील पितळ ओतणाऱ्या कामगारांच्या या तापावर ग्रीनहाऊ या वैद्याने १८६२ सालीच निबंध वाचला होता. मला तो कळण्यास सव्वाशे वर्षे उशीर झाला!

निदान कळले तरी एक प्रश्न राहिला. जस्ताचा ऑक्साइड हा आपल्या नित्य परिचयाचा, निरुपद्रवी पदार्थ. कॅलामाइन लोशनमध्ये तो आहे, बाळाच्या अंगावरील पुरळाच्या मलमात आहे, आयुर्वेदातील यशद भस्मही मुख्यतः तोच. मग तोच पदार्थ धुराच्या रूपाने सशक्त माणसाला अंथरुणाला का खिळवतो? याचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पेशीविज्ञानाने पुष्कळ अंशी दिले आहे. नॅनोतंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे तो प्रश्न आता केवळ वेल्डरांचा राहिलेला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आकार आणि पृष्ठभाग

जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. वेल्डिंगच्या ठिणगीत त्याची वाफ होते, हवेतील ऑक्सिजनशी तिचा संयोग होतो आणि ती गोठून अतिसूक्ष्म कण बनतात. हे मूळ कण काही दशक नॅनोमीटरचे असतात आणि पुढे साखळ्या करून तरंगतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना आपण नॅनोकण म्हणतो. रक्तातील तांबडी पेशी जेवणाच्या ताटाएवढी मानली, तर ४० नॅनोमीटरचा कण त्या ताटातील मोहरीच्या दाण्याएवढा भरेल.

पदार्थाचे तुकडे करीत गेले की त्याचे वजन तेवढेच राहते, पृष्ठभाग मात्र वाढत जातो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे दोन टेनिस कोर्टांहून अधिक होतो. लंडनच्या रॉयल सोसायटीने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक बोलके गणित आहे: ३० नॅनोमीटरच्या कणात सुमारे ५ टक्के अणू पृष्ठभागावर असतात, १० नॅनोमीटरच्या कणात २० टक्के आणि ३ नॅनोमीटरच्या कणात तब्बल ५० टक्के. रासायनिक व्यवहार पृष्ठभागावर होतात. त्यामुळे मलमातील भरड भुकटी आणि धुरातील कण यांचे रासायनिक सूत्र एकच असले तरी त्यांची वागणूक एक राहत नाही.

पेशीच्या पोटात

हे कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील द्रवात शिरताच प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ त्यांच्याभोवती चिकटून एक वेष्टन तयार होते. त्याला आता ‘प्रोटीन कोरोना’ म्हणतात. पेशीला कणाची ओळख होते ती या वेष्टनावरून. म्हणूनच एकच कण रक्तात, फुफ्फुसात आणि काचेच्या बशीत तीन तऱ्हेने वागताना आढळतो.

वायुकोशातील मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, आपल्या धर्मानुसार हा कण गिळते. गिळलेला कण एका पिशवीत बंद होऊन लायसोसोमकडे, आपल्या शालेय पुस्तकातील लयकारिकेकडे, नेला जातो. जंतू असो वा मृत पेशीचा तुकडा, त्याचा फडशा पाडण्याची ही जागा. आतील आम्लता पीएच ४.५ ते ५ इतकी तीव्र. जंतूंच्या बाबतीत ही योजना उत्तम चालते; जस्ताच्या ऑक्साइडच्या बाबतीत मात्र हाच घात ठरतो. उदासीन द्रवात हा ऑक्साइड सावकाश विरघळतो, आम्लात मात्र झपाट्याने. एकेका कणात बांधून ठेवलेले जस्ताचे हजारो अणू मोजक्या वेळात आयनांच्या रूपाने मोकळे होतात.

संशोधक याला ‘ट्रोजन हॉर्स’ म्हणजे ट्रॉयच्या लाकडी घोड्याची उपमा देतात. पेशीच्या पटलावर धातूच्या आयनांसाठी पहारा असतो; कोणता आयन किती आत घ्यायचा हे तेथील वाहक प्रथिने ठरवतात. कणाच्या पोटात दडून आलेल्या धातूला हा पहारा लागत नाही. पेशी त्याला स्वतःच आत घेते आणि स्वतःच्याच आम्लात मोकळे करते.

येथे माझ्या चुकीला एक गमतीची पुरवणी जोडावीशी वाटते. क्लोरोक्विन साठते ते लायसोसोममध्येच आणि तेथील आम्लता ते कमी करते. म्हणजे चुकीच्या निदानासाठी दिलेले माझे औषध नेमके त्या आजाराच्या दारापर्यंत जाऊन पोहोचत होते! अर्थात या तापावर तो उपचार नव्हे, हे येथेच स्पष्ट करतो.

मोकळे झालेले जस्त पुढे काय करते? आपल्या शरीरात दोन ते तीन ग्रॅम जस्त असते आणि त्यावाचून शेकडो विकरे निकामी होतील. पण ते जवळजवळ सारे प्रथिनांना बांधलेले असते. पेशीतील मुक्त जस्ताचे प्रमाण अत्यल्प राखले जाते. ते एकाएकी वाढले की प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना जाऊन चिकटते, ग्लुटाथायोनचा साठा घटतो आणि मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जानिर्मितीची साखळी अडखळते. अडखळलेल्या साखळीतून इलेक्ट्रॉन गळतात आणि क्रियाशील ऑक्सिजनची निर्मिती वाढते. लोह आणि तांबे यांचा मार्ग थोडा निराळा आहे. ते इलेक्ट्रॉनांची देवघेव स्वतःच करतात आणि फेंटनने १८९४ साली वर्णिलेल्या अभिक्रियेतून हायड्रॉक्सिलसारखे दाहक रॅडिकल निर्माण करतात. जस्ताला ती देवघेव जमत नाही. ते यंत्रणेत बिघाड करून तोच परिणाम साधते.

ऑक्सिडीकरणाच्या या ताणाला पेशी टप्प्याटप्प्याने तोंड देते. ताण थोडा असेल तर संरक्षक विकरांची निर्मिती वाढवून ती निभावून नेते. ताण वाढला की दाहाचे संकेत सुटतात. तो हाताबाहेर गेला की मायटोकॉन्ड्रियाचे पटल ढासळते आणि पेशी मरते. शिवाय फुगलेला लायसोसोम फुटला तर त्यातील कॅथेप्सिनसारखी पाचक विकरे पेशीद्रवात सांडतात. त्यातून इन्फ्लेमासोम ही यंत्रणा जागी होऊन इंटरल्युकिन-१ बाहेर पडू शकते. जस्ताच्या धुरात काम केलेल्या स्वयंसेवकांच्या फुफ्फुसांतील धुवण तपासली असता टीएनएफ, इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-८ ही द्रव्ये वाढलेली आढळली. हे संशोधन १९९० च्या दशकातील आहे. हीच द्रव्ये रक्तावाटे मेंदूतील तापमान-नियंत्रकाला संदेश देतात आणि सोमवारी संध्याकाळी माणसाला हुडहुडी भरते. हिवतापाच्या थंडीशी तिचे साम्य असावे यात नवल नाही, कारण शेवटचा संदेशवाहक दोन्हीकडे तोच आहे.

मग बुधवारी ताप का येत नाही? याची पूर्ण उकल झालेली नाही, परंतु मेटॅलोथायोनीन या प्रथिनाचा त्यात वाटा असावा असे मानले जाते. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात प्रथम सापडलेल्या या लहानशा प्रथिनात जवळजवळ एक-तृतीयांश भाग सिस्टीन असतो आणि जस्ताचे सात आयन ते पोटाशी धरू शकते. जस्त वाढले की पेशी ते अधिक तयार करते. गरज सरली की त्याचा साठाही ओसरतो. माझ्या रुग्णाच्या पत्नीला जे केवळ वार मोजून कळले होते, त्याचे कारण बहुधा हे असावे.

सगळे धातू एका माळेचे मणी नव्हेत

जस्ताचे हे उदाहरण सर्व धातूंना लागू करता येत नाही. काही कण विरघळून घात करतात, तर काही न विरघळता.

विरघळणाऱ्यांतील गंभीर उदाहरण आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना ठाऊक आहे. धातूवर धातू घासणारे कृत्रिम खुब्याचे सांधे एकेकाळी तरुण रुग्णांसाठी वरदान मानले गेले. त्यांच्या घर्षणातून सुटणारे कोबाल्ट-क्रोमियमचे बहुतेक कण १०० नॅनोमीटरहून लहान होते. भक्षक पेशींनी ते गिळले, कोबाल्टचे आयन सुटले, सांध्याभोवतीचे मांस झिजले, काहींच्या तेथे गाठी झाल्या आणि थोड्यांच्या हृदयावर, दृष्टीवर व श्रवणावर परिणाम झाला. कोबाल्ट पेशीची अशी फसगत करते की भरपूर ऑक्सिजन असतानाही तिला तो कमी पडल्यासारखे वाटते. त्यांतील एक बहुचर्चित सांधा २०१० साली जगभरातून परत मागवण्यात आला. भारतातही तो हजारो रुग्णांना बसवलेला होता. अशा रुग्णाच्या रक्तात कोबाल्ट लिटरला ७ मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास अधिक तपास करावा, हा ब्रिटिश नियामकांचा दंडक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

सोन्याची गोष्ट निराळी. सोने विरघळत नाही, म्हणून ते निर्धोक, अशी आपली समजूत. २००७ साली जर्मन संशोधकांनी दाखवून दिले, की १.४ नॅनोमीटरचे सोन्याचे कण संवर्धित पेशींना मारक ठरतात, तर १५ नॅनोमीटरचे कण साठपट मात्रेतही त्यांना इजा करीत नाहीत. येथे धातू तोच, विरघळणेही नाही. फरक केवळ आकाराचा.

टायटॅनियम डायऑक्साइडही न विरघळणारा. गोळ्यांच्या पांढऱ्याशुभ्र आवरणात, रंगात आणि सौंदर्यप्रसाधनांत तो सर्वत्र असतो. त्यातील सूक्ष्म कणांमुळे जनुकीय इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे मत युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ साली दिले आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने अन्नपदार्थांतील त्याचा वापर थांबवला. औषधी गोळ्यांत मात्र तेथेही त्याला मुभा ठेवली आहे.

हे सारे वाचून नॅनोकण म्हणजे विष, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. आपण रक्तक्षयाच्या गरोदर स्त्रीला शिरेतून आयर्न सुक्रोज देतो, तेही शर्करेच्या कवचातील लोहाचे नॅनोकणच आहेत. तेही भक्षक पेशीच गिळतात आणि तेही लायसोसोममध्येच सुटे होतात. तरी रुग्ण सुधारते, कारण सुटलेले लोह स्वीकारण्यास फेरिटिन हे प्रथिन सिद्ध असते. चोवीस घटकांचा तो पोकळ गोल. बाहेरून १२ नॅनोमीटर आणि आत ८ नॅनोमीटरची जागा, जीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. म्हणजे पेशी स्वतःच धातूचा नॅनोकण घडवते आणि तो प्रथिनाच्या डबीत ठेवते! लोह आवाक्याबाहेर वाढले की तेच लोह पेशीच्या पटलांचा नाश करते. या मृत्यूला २०१२ साली ‘फेरॉप्टोसिस’ हे नाव मिळाले. मला या विषयाचे सार येथे दिसते. पेशीत आलेल्या धातूला धरून ठेवणारे कोणी आहे काय, आणि तो त्या धरणाऱ्याच्या कुवतीपेक्षा वेगाने सुटतो काय, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

हेच तत्त्व उलट वापरून काही संशोधक कणच सुरक्षित करू पाहतात. जस्ताच्या ऑक्साइडमध्ये थोडे लोह मिसळले की तो सावकाश विरघळतो आणि पेशींना कमी बाधतो, असे २०१० साली अमेरिकेत दिसून आले.

भस्मे आणि आपण

भारतीय वैद्याला या विषयात भस्मांचा उल्लेख टाळता येणार नाही. रसशास्त्राच्या आचार्यांनी भस्माच्या कसोट्या सांगितल्या आहेत: ते पाण्यावर तरंगावे, म्हणजे वारितर असावे, बोटांच्या रेषांत भरावे, म्हणजे रेखापूर्ण असावे, त्यात धातूची चमक उरू नये आणि तापवले तरी मूळ धातू परत मिळू नये, म्हणजे ते अपुनर्भव असावे. सूक्ष्मदर्शक नसताना कणाचा आकार आणि धातूचे रूप या दोन्ही गोष्टी तपासण्याची ही दृष्टी आदरणीय आहे. परंतु कसोटी ग्रंथात असणे वेगळे आणि बाजारातील पुडीला ती लावलेली असणे वेगळे. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शिवाय पोटातून जाणाऱ्या जस्तावर आतड्याचे नियंत्रण असते, तरी तेही दीर्घकाळ अति झाले तर तांब्याची कमतरता होऊन मज्जारज्जूला इजा होते. शिशाला आणि पाऱ्याला तर शरीरात कोणतेच मानाचे स्थान नाही. म्हणून पोटदुखी, रक्तक्षय वा हातपायांची बधिरता घेऊन रुग्ण आला, की ‘काही पुड्या, भस्म घेता काय?’ हे न रागावता विचारावे. रागावून विचारले तर उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते.

पेशींवरील प्रयोग वाचताना एक सावधगिरी हवी. बशीतील पेशीवर ओतलेली मात्रा पुष्कळदा माणसाला प्रत्यक्ष कधीच न मिळणारी असते, आणि तेथे यकृत, मूत्रपिंड, श्लेष्मा यांपैकी कोणीही मदतीला नसते. म्हणूनच माणसांवरील मोजके अभ्यास मोलाचे ठरतात. २०१८ साली जर्मनीत निरोगी स्वयंसेवकांनी हवेच्या घनमीटरला अर्धा ते दोन मिलिग्रॅम जस्त-ऑक्साइडचे नॅनोकण असलेल्या हवेत चार तास श्वास घेतला. मात्रेगणिक दाहाच्या खुणा रक्तात वाढल्या आणि काहींना तापाची लक्षणे जाणवली. अमेरिकेतील कारखान्यांसाठी या धुराची कायदेशीर मर्यादा घनमीटरला पाच मिलिग्रॅम आहे. म्हणजे कायद्याच्या कक्षेत राहूनही ताप येऊ शकतो, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

माझ्या त्या रुग्णाकडे परत येतो. रविवारी त्यांच्या कारखान्यात जाऊन आलो. शेड बंदिस्त, झरोका एकच आणि तोही पत्र्यांच्या थप्पीने झाकलेला. मालक भला माणूस होता. त्याला या धुराची माहिती नव्हती, जशी ती मलाही नव्हती. थप्पी हलली, धूर ओढणारा पंखा बसला, सांध्याजवळचा जस्ताचा मुलामा आधी घासून मग जोडकाम करण्याची शिस्त लागली. सोमवारचा ताप थांबला. दूध मात्र त्यांनी चालू ठेवले. त्याने जस्त उतरत नसले तरी मी ते बंद करण्यास सांगितले नाही.

इटलीतील वैद्य रामाझिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालण्याचा आग्रह धरला: आपण काम काय करता? आज रंगाच्या, विद्युतघटांच्या, प्रसाधनांच्या आणि धातूच्या भुकटीपासून भाग घडवणाऱ्या नव्या कारखान्यांत नॅनोकण हाताळणारे तरुण आपल्याच दवाखान्यांत येणार आहेत. त्यांच्या पेशींत काय घडते आहे ते दाखवणारे यंत्र आपल्या टेबलावर नसेल, पण तो प्रश्न विचारण्यास यंत्र लागत नाही. त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर नाव आणि वय यांच्या खाली ‘काम’ असा एक रकाना आहे. आणि रुग्णाबरोबर आलेली बाई वार सांगू लागली, तर मी आता हसत नाही, तो वार लिहून घेतो.